नदीला आई म्हणताना
(निर्जीवाला जीव देणाऱ्या भाषेची आणि कलेची गोष्ट)

गेल्या वर्षी परीक्षेच्या दिवसांत माझी मुलगी गुजराती व्याकरणाचे पुस्तक घेऊन आली. ‘सजीवारोपण’ अलंकाराचे उदाहरण हवे होते. मी म्हटले, “आमच्या वेळी मराठीत ह्याला चेतनगुणोक्ती म्हणत.” शेजारी राहणाऱ्या हिंदी माध्यमातल्या तिच्या मैत्रिणीने सांगितले की त्यांच्या पुस्तकात ह्याचे नाव ‘मानवीकरण’ आहे. एकच अलंकार, आणि आमच्या ओट्यावर त्याची तीन नावे गोळा झाली.

नावे नीट पाहिली तर तिन्हींचा अर्थ थोडा वेगळा आहे. गुजराती म्हणते, निर्जीव वस्तूवर जीवाचे आरोपण करा, जणू रोप लावावे तसे. हिंदी म्हणते, तिला माणूस करा. आपली मराठी जरा जपून बोलते. चेतनगुणोक्ती म्हणजे चेतन वस्तूचे गुण अचेतनाबद्दल बोलणे. वस्तू जिवंत झाली असे मराठी म्हणत नाही, फक्त तिच्याविषयी तसे ‘बोलले’ जाते एवढेच म्हणते. मग मुलीने विचारले, “पप्पा, तापी माता हे सजीवारोपण आहे का?”

मी ‘हो’ म्हणणार होतो, पण थांबलो. तापीला आई म्हणणारा माणूस अलंकार वापरतो आहे असे त्याला वाटते का? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे वाचले, जे आठवले, ते ह्या लेखात मांडतो आहे. गणपतीच्या निमित्ताने निघणाऱ्या स्मरणिकेत हा विषय परका वाटू नये, कारण ह्या अलंकाराचे मराठीतले सर्वांत भव्य उदाहरण गणपतीचेच आहे.

अक्षरांचा गणपती

शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, प्रवरेच्या काठी नेवासे येथे ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली. तिच्या आरंभीच्या वंदनात जो गणेश येतो तो शाडूचा नाही, दगडाचाही नाही. तो शब्दांचा आहे. सगळे शब्दब्रह्म हीच त्याची मूर्ती. स्मृती हे त्याचे अवयव, अठरा पुराणे ही अंगावरची रत्नजडित भूषणे, आणि सुंदर पदरचना हे त्याचे रंगीत वस्त्र. काव्य आणि नाटके ही कमरेची घुंगरे आणि त्यांतून निघणारा अर्थ हा त्या घुंगरांचा आवाज. सहा दर्शने हे त्याचे सहा हात. तर्क हा परशू, नीती हा अंकुश आणि वेदांत हा गोड मोदक. एका हातात मोडलेला दात आहे, तो खंडन झालेल्या बौद्ध मताचा. विवेक ही सोंड, आणि पूर्व व उत्तर मीमांसा हे दोन कान. शेवटी ओंकार येतो : अकार हे पाय, उकार हे पोट आणि मकार हे मस्तक.

दरवर्षी आपण आरती म्हणतो तेव्हा समोर मूर्ती असते आणि आपण तिला शब्दांनी सजवतो. ज्ञानेश्वरांनी उलट केले. त्यांच्यासमोर शब्द होते, आणि त्या शब्दांना त्यांनी हात, पाय, सोंड आणि कान दिले. विद्या ही नुसती कल्पना. तिला पाहता येत नाही, हात जोडता येत नाहीत. तिला शरीर मिळाले की शेतकऱ्याला आणि विणकऱ्यालाही ती ओळखीची होते. नेवाशाला जमलेल्या मंडळींत सहा दर्शने वाचलेले कितीसे असतील? पण सहा हातांचा गणपती सर्वांना कळला असणार. निर्जीवाला जीव देण्याचा हा पहिला उपयोग : जे फार मोठे आहे ते ओळखीच्या आकारात आणून ठेवणे.

नद्या बोलल्या होत्या

ह्या बोलण्याची परंपरा फार जुनी आहे. ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलात विश्वामित्र आणि दोन नद्या यांचा संवाद आहे. विपाश् आणि शुतुद्री, म्हणजे आजच्या बियास आणि सतलज, दुथडी वाहत आहेत. विश्वामित्राला गाड्या आणि माणसे घेऊन पलीकडे जायचे आहे. तो नद्यांना बहिणी म्हणून विनवतो, जरा खाली वाका म्हणतो. नद्या आधी आपल्या वेगाचा अभिमान सांगतात, मग त्याचे म्हणणे ऐकतात आणि उतार देतात. दहाव्या मंडलात वाणी स्वतःच ‘मी’ म्हणून बोलते. तिथेच जुगाऱ्याचे सूक्तही आहे, ज्यात फाशांना भुलवणाऱ्या, फसवणाऱ्या जिवंत प्राण्यांसारखे रंगवले आहे.

माझ्या मुलीने विचारलेला प्रश्न तेव्हाच्या विद्वानांनाही पडला होता. यास्काचार्यांनी ‘निरुक्त’ ह्या ग्रंथाच्या सातव्या अध्यायात सरळ विचारले आहे की देवतांचा आकार माणसासारखा की नाही? एक पक्ष म्हणतो, माणसासारखा, कारण त्यांची स्तुती जाणत्या माणसासारखी केली जाते, त्यांचे हात, घोडे, रथ सांगितले जातात. दुसरा पक्ष म्हणतो, अग्नी, वारा, सूर्य, पृथ्वी हे तर डोळ्यांना दिसतात आणि ते माणसासारखे नाहीत. शिवाय फाशांपासून वनस्पतींपर्यंत अचेतन वस्तूंचीही अशीच स्तुती होते, म्हणून स्तुतीवरून काही सिद्ध होत नाही. यास्काने दोन्ही बाजू नोंदवल्या आणि दोन्ही खऱ्या असू शकतात अशी वाटही ठेवली. इतक्या जुन्या काळी एवढ्या शांतपणे हा वाद मांडलेला वाचून मला फार बरे वाटले. श्रद्धेने बोलणे आणि आपण काय बोलतो आहोत ह्याचा विचार करणे, ही दोन्ही आपल्याच परंपरेची लेकरे आहेत.

कवींच्या जगातही हा वाद झाला. नागपूरजवळचे रामटेक म्हणजेच ‘मेघदूता’तला रामगिरी असे पुष्कळ अभ्यासक मानतात. तिथला विरही यक्ष आषाढातल्या ढगाला निरोप्या करतो. धूर, उजेड, पाणी आणि वारा ह्यांचा बनलेला ढग निरोप कसा नेणार, ही शंका कालिदास स्वतःच काव्याच्या आरंभी काढतो आणि उत्तरही देतो : प्रेमाने व्याकूळ झालेल्याला चेतन-अचेतन हा भेद उरत नाही. पुढे भामह ह्या काव्यशास्त्रकाराने ढग, वारा, चंद्र अशांना दूत करणे हा युक्तीला न पटणारा दोष मानला, मात्र उत्कंठेने वेडावलेला कोणी तसे बोलत असेल तर त्याला सूट दिली. म्हणजे दुःखाच्या माणसाला ही भाषा माफ आहे, हे शास्त्रालाही मान्य होते. ही सूट लक्षात ठेवावी. लेखाच्या शेवटी तिच्याकडे पुन्हा यायचे आहे.

दगडातल्या नद्या, ताम्रपटातले गाव

भाषेत जे झाले तेच शिल्पात झाले. गुप्तकाळापासून देवळांच्या दारांवर दोन स्त्रिया दिसू लागल्या. मगरीसारख्या मकरावर उभी ती गंगा आणि कासवावर उभी ती यमुना. देवळात शिरणारा माणूस दोन नद्या ओलांडून, म्हणजे जणू स्नान करून आत जातो, अशी ती कल्पना. विदिशेजवळच्या उदयगिरीच्या लेण्यात, पाचव्या शतकाच्या आरंभी, वराहाच्या भव्य शिल्पाशेजारी ह्या दोघी कोरल्या आहेत. वेरूळच्या कैलास लेण्यात, जे आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात घडले, अंगणाच्या उत्तर बाजूस नदीदेवतांचे स्वतंत्र दालन आहे. तिथे गंगा, यमुना आणि सरस्वती तिघी एकत्र उभ्या आहेत. अंगात बाक, चेहऱ्यावर शांतपणा. पाण्याला वळण असते, म्हणून शिल्पकाराने नदीच्या कमरेला वळण दिले.

पण सगळेच जुने लोक नदीला देवी म्हणून लिहीत होते असे नाही. नाशिकच्या पांडवलेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा लेख आहे. त्याने केलेल्या दानधर्माच्या यादीत इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहणुका ह्या नद्यांवर प्रवाशांसाठी फुकट नावांची सोय केल्याचे लिहिले आहे. आपली तापी तिथे आहे, पण ती आई नाही, देवीही नाही. ती ओलांडायची नदी आहे आणि तिच्यावर नाव हवी आहे. सरकारी नोकराला हा शिलालेख फार जवळचा वाटतो. नदीवर श्रद्धा असो वा नसो, पैलतीराची सोय कोणीतरी करावी लागते.

आपले कामरेजही जुने गाव आहे. लाटदेशाच्या चालुक्यांच्या ताम्रपटात ‘कार्मणेय’ हे नाव येते, आणि अभ्यासक ते म्हणजे कामरेज असे मानतात. आज आपण चार रस्त्यावर बसची वाट बघत उभे असतो, पुलावरून हमरस्त्याची वाहतूक धावते, खाली तापी वाहते. ह्या नदीकाठी माणसे निदान तेराशे वर्षे सलग राहत आली, हे त्या गर्दीत आठवत नाही एवढेच.

तापीची जन्मकथा

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये म्हणतात. तापीचे मूळ मात्र तिच्या गावाच्या नावातच आहे : मुलताई, म्हणजे मूळतापी. मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यातून निघून, बुऱ्हाणपूरवरून, जळगाव, धुळे, नंदुरबार असा खानदेश भिजवत, चांगदेवला पूर्णेला पोटाशी घेत, ७२४ किलोमीटर चालून ती सुरतेखाली समुद्राला मिळते. आपल्यापैकी अनेक घरे ह्याच नदीच्या वरच्या काठावरून खालच्या काठावर आली. गाव सुटले, बोली थोडी बदलली, नदी तीच राहिली.

तिची कथा महाभारताच्या आदिपर्वात आहे. अंगारपर्ण गंधर्व अर्जुनाला ‘तापत्य’ म्हणून हाक मारतो. अर्जुन विचारतो, आम्ही कौंतेय, हे तापत्य काय? तेव्हा गंधर्व सांगतो : सूर्याची मुलगी तपती. संवरण राजा शिकारीला गेला असता त्याने तिला पाहिले. पुढे वसिष्ठांनी मध्यस्थी केली आणि सूर्याने मुलगी दिली. राजा तिच्यासह बारा वर्षे डोंगरात रमला आणि इकडे राज्यात बारा वर्षे पाऊस पडला नाही. दोघे परत आले तेव्हा पाऊस आला. त्यांचा मुलगा कुरू, आणि त्याच्यापासून कौरव-पांडवांचे कूळ.

ह्या कथेत तपती नदी नाही, मुलगी आहे. ती नदी झाली ती पुढे, पुराणांत. तिथे तिचे आईबाप पाहण्यासारखे आहेत. सूर्याची पत्नी संज्ञा, म्हणजे जाणीव, नावही. तिला सूर्याचे तेज सोसेना, म्हणून तिने आपल्या जागी छाया ठेवली आणि निघून गेली. छाया म्हणजे सावली. तपती ही सूर्य आणि सावली यांची मुलगी, शनीची बहीण. यम आणि यमुना ही संज्ञेची मुले, म्हणजे तिची सावत्र भावंडे. ऊन, सावली, जाणीव, ताप : सगळ्या गोष्टींना माणसांची नाती लावली आणि एक कुटुंब तयार झाले. आषाढ शुद्ध सप्तमीला सुरतेत तापीचा वाढदिवस होतो, लोक काठावर जमतात, लांबच लांब चुंदडी नदीला अर्पण करतात. ज्या मुलीची कथा गंधर्वाने सांगितली, तिचा वाढदिवस आपल्याकडे अजून साजरा होतो. अलंकाराचे आयुष्य इतके मोठे नसते. नाते असेल तरच ते इतके टिकते.

घरातली चेतनगुणोक्ती

ही भाषा फक्त ग्रंथांत आणि लेण्यांत नाही. गणपतीपाठोपाठ आपल्याकडे गौरी येतात. काही घरी मुखवट्यांच्या, काही घरी खड्यांच्या. पाणवठ्यावरून पाच-सात खडे तोंडात पाणी धरून, न बोलता आणायचे, आणि घरात येताच त्यांना विचारायचे, काय पाहिलेस? खड्याला माहेरवाशीण करणारी ही रीत म्हणजे नदीकाठच्या दगडाला दिलेले निमंत्रणच. खानदेशी घरांत श्रावणात कानबाई बसते. नारळाला डोळे, नाक, नथ, शालू. रोट होतात, रात्र जागते, दुसऱ्या दिवशी वाजतगाजत विसर्जन. सुरतेच्या उधना-लिंबायत भागात ह्या दिवसांत फिरले तर धुळे-जळगावात आल्यासारखे वाटते.

जात्यावर दळणाऱ्या बायकांनी जात्याला देव मानले, भाऊ मानले, त्याच्याशी सुखदुःख बोलल्या. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८० ते १९५१) यांनी घरोटाला हाक मारून आपले गाणे कसे येते ते सांगितले. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. मुलगा सोपानदेव यांनी जपलेली ती गाणी १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली, आणि व्याकरणात चेतनगुणोक्ती शिकलेल्या शहरी वाचकांना कळले की हा अलंकार जात्याजवळ केव्हापासून बसलेला आहे. त्याच जळगाव जिल्ह्यातल्या धरणगावचे बालकवी ठोंबरे (१८९० ते १९१८) यांनी ‘फुलराणी’त एका कळीचे लग्न लावले. वऱ्हाडी मंडळी म्हणून सारी सृष्टी आली. ज्यांनी शाळेत ती कविता पाठ केली, त्यांना सकाळचे कोवळे ऊन अजून नवरदेवासारखे दिसत असेल.

बाई, माय, राणी, माहेरवाशीण. आपण वस्तूला जीव देतो तेव्हा बहुतेक वेळा नातेही देतो. नुसता माणूस केला तर तो परका असू शकतो. नाते दिले की तिच्याशी कसे वागायचे ते ठरते.

देश आणि न्याय

आधुनिक काळात ह्याच रीतीने देशाला शरीर मिळाले. १९०५ मध्ये बंगालच्या फाळणीच्या दिवसांत अवनींद्रनाथ ठाकूरांनी भारतमातेचे चित्र काढले. भगवी वस्त्रे, चार हात, आणि हातांत पोथी, भाताच्या लोंब्या, जपमाळ व शुभ्र वस्त्र. शस्त्र नाही. विद्या, अन्न, साधना आणि वस्त्र एवढेच त्या आईने मुलांना द्यायचे ठरवले होते. १९३६ मध्ये काशीला गांधीजींच्या हस्ते भारतमाता मंदिर उघडले. तिथे मूर्तीच नाही, संगमरवरात उठावाने कोरलेला देशाचा नकाशा आहे. एकाच आईला एकाने चेहरा दिला, दुसऱ्याने जमीनच तिचा चेहरा मानली. यास्काचे दोन पक्ष इथेही आहेतच.

न्यायदेवता आपल्याकडे युरोपातून आली. डोळ्यांवर पट्टी, हातात तराजू आणि तलवार. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तिची नवी मूर्ती चर्चेत आली : अंगावर साडी, डोळे उघडे, एका हातात तराजू आणि तलवारीच्या जागी संविधान. कल्पनेला शरीर दिले की तिची वेशभूषाही काळाप्रमाणे बदलता येते, आणि बदल करताना त्या कल्पनेबद्दल पुन्हा विचार करावा लागतो.

पंचनाम्यातला रकाना

आता ज्या गोष्टीमुळे मुलीच्या प्रश्नावर मी थांबलो, ती सांगतो.

ऑगस्ट २००६. उकाई धरणातून सुमारे ९ लाख क्युसेक पाणी तापीत आले. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. म्हणजे दर सेकंदाला अडीच कोटी लिटर. ७ तारखेपासून सुरत आणि काठची गावे पाण्यात गेली. त्या वर्षी गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, म्हणजे चिखल निघतो न निघतो तोच बाप्पा आले. पुष्कळ मंडपांत त्या साली रोषणाई नव्हती.

मी तेव्हा नोकरीत नवीन होतो. पदविकेच्या पुस्तकात नदी म्हणजे प्रवाह, पातळी, वहनक्षमता एवढेच शिकलो होतो. पाणी ओसरल्यावर नुकसानीच्या पंचनाम्यांसाठी आम्हाला घरोघर पाठवले. एका घरी खानदेशातल्या एक आजी होत्या. घरात काही उरले नव्हते. भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर चिखलाची रेघ होती आणि आजींनी त्या रेघेला हळद-कुंकू वाहिले होते. मी नुकसानीचे विचारले तर म्हणाल्या, “तापीमाय घरमा उनी, भाऊ.” तापीमाय घरात आली. तक्रार नव्हती, पाहुणी आल्यासारखे सांगितले.

त्यांचा मुलगा मागे चिखल काढत होता. तो फावडे टाकून पुढे आला. “माय आली म्हणे! माय काय आपोआप येते? दरवाजे माणसांनी उघडले, साहेब. ते लिहा.”

माझ्या कागदावर ‘कारण’ असा रकाना होता. मी त्यात ‘पूर’ लिहिले. मराठीत आणि गुजरातीत शब्द एकच, म्हणून भाषांतराचाही प्रश्न आला नाही. दोघांपैकी कोणाचेच म्हणणे त्या रकान्यात बसले नाही, आणि मला ते अजून बोचते.

धरणातून पाणी केव्हा आणि किती सोडायला हवे होते ह्यावर पुढे बराच वाद झाला. पूर-इशाऱ्याची व्यवस्थाही नंतर सुधारली. तो वाद सोडवण्याची माझी पात्रता नाही. पण भाषेपुरते मला जे दिसले ते सांगतो. आजी म्हणाल्या, ‘तापीमाय आली.’ मुलगा म्हणाला, ‘माणसांनी पाणी सोडले.’ आणि कागदपत्रांत आम्ही लिहितो, ‘पाणी सोडण्यात आले.’ ह्या तिसऱ्या वाक्यात कोणीच नाही. चेतनगुणोक्ती निर्जीवाला जीव देते. आमची सरकारी भाषा ह्याच्या उलट अलंकार वापरते : ज्यांना जीव आहे, नाव आहे, हुद्दा आहे, त्यांना वाक्यातून उचलून नेते. निर्णय ‘घेण्यात येतो’, काम ‘पूर्ण करण्यात येते’, चूक ‘झाल्याचे निदर्शनास येते’. वीस वर्षे ही भाषा लिहिल्यावर मला वाटते, ह्या दोहोंत धोक्याची कोणती असेल तर ती हीच.

आजींचे काही चुकले नव्हते. भामहाने दुःखी माणसाला जी सूट दिली तिच्यावर त्यांचा पूर्ण हक्क होता. ज्या नदीकाठी पुन्हा संसार मांडायचा आहे, तिला वैरीण मानून कसे चालेल? आई रागावली असे म्हटले की ती पुन्हा माया करील ही आशा राहते. पण हीच वाक्ये ज्यांच्यावर जबाबदारी आहे त्यांच्या तोंडी आली की त्यांचा अर्थ बदलतो. ‘तापीमाता कोपली’ हे आजींनी म्हणणे ही श्रद्धा. तेच कार्यालयातून म्हटले गेले तर ती पळवाट.

नदीवर दावा कोण लावणार?

योगायोग असा की हाच पेच पुढे न्यायालयात आला. कायदा निर्जीवाला ‘व्यक्ती’ मानू शकतो हे आपल्याला नवे नाही. १९२५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने कुलदेवतेच्या मूर्तीविषयीच्या एका खटल्यात हिंदू देवमूर्ती ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती असल्याचे मान्य केले होते. मार्च २०१७ मध्ये न्यूझीलंडच्या संसदेने वांगानुई नदीला कायद्याने व्यक्ती मानले आणि तिच्या वतीने बोलण्यासाठी दोघांची नेमणूक ठरवली, एक सरकारचा, एक काठच्या माओरी लोकांचा. हे दोघे मिळून त्या नदीचा मानवी चेहरा. त्याच महिन्यात उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने गंगा आणि यमुना यांना जिवंत, कायदेशीर व्यक्ती ठरवले. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांची एक शंका अशी होती की नदी व्यक्ती असेल तर पुराने नुकसान झालेले लोक भरपाईचा दावा कोणावर लावणार? जुलै २०१७ मध्ये त्या निकालाला स्थगिती मिळाली.

ते वाचले तेव्हा मला तो रकाना आठवला. नदीला व्यक्ती मानायचे असेल तर तिच्या वतीने बोलणारा, तिच्या वतीने उत्तर देणारा माणूस नावानिशी ठरवावा लागतो. न्यूझीलंडने तो ठरवला. आपण नदीला आई म्हणतो, पण आईचा मुलगा म्हणून सही कोण करणार हे ठरवत नाही.

उत्तर

मुलीला मी जे उत्तर दिले ते असे. “परीक्षेत ‘तापी माता’ हे सजीवारोपण म्हणून लिही, गुण मिळतील. पण घरी लक्षात ठेव, कवी नदीला आई म्हणतो तेव्हा तो अलंकार असतो, आणि आपण म्हणतो तेव्हा ते नाते असते. अलंकार काढून ठेवता येतो. नात्यात काही करावे लागते.”

ती म्हणाली, “म्हणजे काय करायचे?”

गेली काही वर्षे सुरतेत बाप्पाचे विसर्जन तापीत होत नाही, कृत्रिम तलावांत होते. सुरुवातीला आपल्यापैकी अनेकांना ते रुचले नाही. मलाही नाही. वाजतगाजत नेलेल्या बाप्पाला खोदलेल्या खड्ड्यात निरोप द्यायचा हे मनाला पटत नव्हते. आता वाटते, हेच त्या ‘काय करायचे’चे उत्तर आहे. आपण मातीच्या गोळ्यात प्राणप्रतिष्ठा करतो, दहा दिवस त्याला घरचा मानतो, मग त्याचा निरोप घेतो आणि माती मातीला देतो. जीव देणे आणि परत घेणे हे आपल्याला चांगले जमते. नदीच्या बाबतीत मात्र प्राणप्रतिष्ठा तेवढी करतो आणि विसर्जनाच्या रंगांपासून सांडपाण्यापर्यंत सगळे तिच्या ओटीत टाकतो. आईला चुंदडी नेसवायची असेल तर आधी तिचे पाणी स्वच्छ ठेवले पाहिजे.

ह्या वर्षी मंडळाने शाडूची मूर्ती आणायची आणि विसर्जन तलावात करायचे ठरवले आहे. म्हणजे, ‘ठरवण्यात आले आहे’ असे नाही. आपण सर्वांनी मिळून ठरवले आहे. ह्या वाक्यात कर्ता आहे, आणि तो आपण आहोत.

गणपती बाप्पा मोरया!